उष्टा उपमा

लेकीला फिट आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. धावत बाहेर आले तर ती जमिनीवर, झटके येतायत, तोंडाला फेस, आणि तिला सांभाळायला ठेवलेली युगांडाची नॅनी दाराला चिकटून उभी! बोटही लावलं नाही बयेनं. लेकीला कुशीवर वळवलं, आणि ती शांत झाल्यावर मी तोंड सोडलं. नको नको ते बोलले.

नॅनी रडत म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात या आजाराच्या माणसाचं उष्टं कुणी खात नाही. थुंकीतून लागतो तो. मी जाते."

जाते म्हणे! या परदेशात आमचं दुसरं कुणी नाही, नवरा महिना महिना समुद्रात, तेलाच्या रिगवर. मी ऑफिसला गेले नाही तर नोकरी जाणार, आणि लेकीच्या गोळ्यांचा इन्शुरन्सही खलास. डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले, हातापाया पडले, पण बाई ढिम्म. शेवटी म्हटलं, तुझ्या चर्चच्या पास्टरना तरी बोलाव बाई.

तेही युगांडाचेच. आठवडाभर गोदामात सुपरवायझर, रविवारी पास्टर. मला वाटलं, आता भूत उतरवायला बसतील. ते लेकीशेजारी बसले आणि तिनं टाकलेला उपमा तिच्याच चमच्यानं चाटूनपुसून खाल्ला. मग नॅनीला म्हणाले, "माझ्या भावाला फिट यायच्या. आम्ही त्याचं ताट वेगळं मांडायचो. एकटाच जेवताना गेला तो, धरायला कुणी नव्हतं. हा आजार लागत नाही. हिची गोळी चुकवू नकोस, प्रार्थनाही चुकवू नकोस."

नॅनी राहिली. मला हुंदका आवरेना.

निघताना त्यांनी मला विचारलं, "तुमची माणसं पूजेला जमतात, तेव्हा हिला जवळ कोण घेतं?"

काय सांगणार, कपाळ! पहिल्या फिटनंतर मी तिला चार माणसांत नेलेलंच नाही. तिथे फिट आली तर? लोक काय म्हणतील? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दरवर्षी नवी थाप.

यंदा मंडळातल्या काकूंचा फोन आला, "अगं, लेकीला घेऊन ये आरतीला." समोर लेक परकर-पोलक्यात उभी. नॅनीनंच हौसेनं नटवलं होतं, वेणीत गजराही माळला होता. म्हटलं, "तिला ताप आहे हो, काकू."

"मम्मा, आय डोन्ट हॅव फीव्हर."

नॅनीला मराठी येत नाही, पण एवढं तिला कळलं. खाली बसून तिनं लेकीच्या वेणीतला गजरा सोडवायला घेतला.