त्रेसष्टचे अडुसष्ट

चष्म्याच्या दुकानात तिची सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत तिच्या हातचा एकही चष्मा परत आला नव्हता. काम दिसायला किरकोळ. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, नाकापाशी पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी आत काचवाल्या काकांकडे. पण चार-पाच मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की माणसाचं डोकं उठतं आणि तो दुकान डोक्यावर घेतो. तिच्यावर ती वेळ कधी आली नाही, म्हणून सगळे तिला ‘बिनचूक’ म्हणत. तिला ते आवडायचं. का नाही आवडणार? फुकट मिळालेलं नाव नव्हतं ते.

मग तो आला. नकाशे काढणारा, बोटांना कायम शाई. तिने मोजलं: त्रेसष्ट. आठवड्याने चष्मा घेऊन हजर. “रेघा तरंगतायत हो. डोकं ठणकतंय.”

तिने चिठ्ठी काढली. तिच्याच अक्षरात अडुसष्ट. चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं. आठवड्याने तो पुन्हा दारात आणि चिठ्ठीवर पुन्हा अडुसष्ट!

दुसरा कुणी असता तर आकाशपाताळ एक केलं असतं. हा म्हणाला, “चुकतं माणूस. मनाला लावून घेऊ नका.” तिचे डोळे भरून आले. तिसऱ्यांदा चष्मा नीट झाला तेव्हा तो म्हणाला, “आता यायला निमित्त उरलं नाही. चहाला येता?” ती गेली. आपली चूक पोटात घालणारा माणूस रोज भेटत नाही, असं तिला वाटलं. असल्या माणसाच्या प्रेमात पडायला कितीसा वेळ लागतो? चार महिन्यांत अंगठी बोटात आली.

मधल्या काळात मालकांनी नवं दुकान तिच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. ती नाही म्हणाली. “माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही, साहेब.” ते दुकान तिच्याहून तीन वर्षं कच्च्या मुलीला मिळालं, आणि ही प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-तीनदा मोजत बसली.

लग्नाची तारीख ठरली तशी ती त्याला घेऊन पेढे वाटायला दुकानात आली. कुणीतरी विचारलं, “जमलं कसं गं तुमचं?” ती सांगायला लागली, तर काचवाले काका मध्येच हसत सुटले. हे काका म्हणजे तिला काम शिकवणारे, रोज डबा वाटून खाणारे.

“अगं वेडे, तू कुठली चुकतेस! तिनाचा आठ मी केला. दोनदा. हा मागे वडिलांचा चष्मा करायला आला होता, तेव्हाच भाळला तुझ्यावर. मला म्हणाला, काका, काहीतरी करा, तिच्यासमोर पुन्हा बसायला मिळू दे.”

“आणि पंधरा दिवस डोकं धरून नकाशे काढले मी!” तो ऐटीत म्हणाला.

सगळे खो-खो हसले. ती हसली नाही.

“मी दुकान नको म्हटलं, तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“होतं. पण म्हटलं, तुलाच दगदग नको असेल.”

“मी दगदग म्हटलं नव्हतं. हात गेला म्हटलं होतं. तुझ्याजवळ रडले होते.”

“लग्नानंतर सांगणारच होतो गं. गंमत म्हणून.”

“मग आत्ता चल. मालक आत बसलेत, त्यांना सांग.”

त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी त्याच्याकडे. “काकांची नोकरी जाईल गं,” तो हळूच म्हणाला.

“आणि माझं नाव गेलं ते?”

“उगाच ताणू नकोस, पोरी,” काका म्हणाले. “चांगलंच झालं ना शेवटी?”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारे दोघंही तिच्या मायेचे, आणि वर शाबासकीची वाट बघत उभे. तिने कुणाचीच वाट पाहिली नाही. मालकांचं दार उघडून एकटीच आत गेली आणि सगळं सांगून आली. बाहेर आल्यावर अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पेढ्यांचा डबा तसाच उघडा राहिला.

घरी आईने कपाळाला हात लावला. “एवढ्याशा आकड्यावरून? अगं, तुझ्यासाठी डोकेदुखी सोसली त्याने!”

“आई, त्याने मला दोनदा माफ केलं,” ती म्हणाली. “आणि मी दोन्ही वेळा त्याचे आभार मानले गं.”

आईने चष्मा शोधला. मग वही काढली आणि मंगल कार्यालयवाल्याला फोन तिनेच लावला.