खुर्चीत माणूस बसलाय

परभणीला वकीलसाहेबांच्या खोलीत शिरल्याबरोबर मी पहिलं काम केलं ते चुकीच्या खुर्चीत बसण्याचं. खोली इनमिन एवढीशी. टेबलापुढं दोन खुर्च्या. एका खुर्चीत वहिनी बसल्या, दुसरीत मी ऐसपैस बूड टेकलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, उठा. तिथं माणूस बसलाय."

मी असा उडालो की टेबलावरचा चहा फायलीवर सांडला. वर त्या रिकाम्या खुर्चीला "माफ करा हां" म्हणून हातही जोडले. वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनी मूळच्या श्रीलंकेच्या. आमचा थोरला भाऊ आखातातल्या दवाखान्यात कामाला होता, त्या तिथं नर्स. लग्न करून दोघं आमच्या गावी, बोरीला आले. आमटीत नारळाचं दूध घालायचं तेवढं त्यांनी सोडलं नाही. बाकी बोलणं, चालणं, जोंधळ्याची भाकरी थापणं, सगळं बोरीचं. माझ्या आईचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. पण कागदावर त्या परदेशी. इथला त्यांचा मुक्काम दादाची बायको म्हणून. दादा अचानक गेला, व्हिसाची मुदत संपत आली आणि चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, "मिस्टर नाहीत, तर आता ह्या कुणाच्या आधारावर राहणार?" त्यावर मी लांबलचक भाषण दिलं. तो म्हणाला, "मास्तर, वकील गाठा."

साहेबांची रीत वेगळी होती. कायद्याची कलमं त्यांनी काढलीच नाहीत. म्हणाले, "कायदा ह्या राहण्याला चार नावं देतो. आपण एकच म्हणू, इथंच राहू द्या. पण ताई, राहायचंय का तुम्हाला?"

"राहायचंय की!" मी म्हणालो.

"मास्तर, वर्गात दुसऱ्याचं उत्तर देणाऱ्या पोराला काय करता?"

"कोपऱ्यात उभं करतो."

"मग?"

मी कपाटाजवळ जाऊन उभा राहिलो. बसायला तशीही जागा नव्हतीच.

वहिनी मात्र प्रत्येक प्रश्नाला एकच म्हणायच्या, "भाऊजी म्हणतील तसं." तेव्हा साहेबांनी त्या खुर्चीची हकीकत सांगितली. गंगाखेडचे एक चाचा होते. लहानपणी वडिलांबरोबर पाकिस्तानात गेलेले, म्हातारपणी बहिणीकडं परत आलेले. मरायचं ते इथं, एवढाच हट्ट. दर हप्त्याला येऊन त्या खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "वकीलसाब, अपना कुछ हुआ क्या?" साहेब म्हणायचे, "अगले हफ्ते." मंजुरी आली ती त्यांची माती झाल्यावर.

"अजून विचारतात," साहेब म्हणाले. "दार वाजलं की मी आधी खुर्चीकडं बघतो. ताई, मला सांगू नका. मास्तरांना तर नकाच. तिकडं सांगा."

मला वाटलं, आता वहिनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावणार. त्यांनी पदर सावरला, खुर्ची स्वतःकडं वळवून घेतली आणि घरात दादाशी बोलायच्या तशा बोलल्या, "अहो, भाऊ तिकडं बोलवायलाय. जाईन की मी. माझंच गाव हाय ते. पण तिथं तुमच्याबद्दल बोलू कुणाशी? तुमाला वळखणारं एक माणूस न्हाई तिथं."

खरं सांगतो, मी त्या खुर्चीकडं पाहायचं टाळलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "आता अर्ज लिहिता येतो," एवढंच म्हणाले.

"पुढच्या हप्त्यात" हे शब्द त्यांनी आम्हाला कधी दिले नाहीत. त्याऐवजी दर शनिवारी फोन. "मास्तर, आज काही झालं नाही. ताईंना सांगा." पोलिसांचा अहवाल गेला, तेही सांगितलं. फाईल वर अडकली, तेही. आमची ही म्हणायची, "काही झालं न्हाई हे सांगायला फोन करणारा वकील पहिलाच बघायलेय." पण शनिवारी फोन वाजेस्तोवर तीच ओसरीतून हलत नसे. वहिनी तर हातातलं पीठसुद्धा धूत नसत.

एका शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आला. नंबर साहेबांचा, आवाज त्यांच्या मुलीचा. तीही वकीलच.

"काका, ताईंचं झालं. मंजुरी आली."

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचे धावत आले. मग विचारलं, "साहेब कुठायत? त्यांना द्या ना फोन."

"बाबांना जाऊन आठवडा झाला, काका. दवाखान्यात शेवटपर्यंत विचारत होते, बोरीच्या ताईंचं काही झालं का."

पेढे घेऊन आम्ही तिघं परभणीला गेलो. खोली तीच. मुलगी टेबलाच्या कडेला स्टुलावर बसून काम करत होती. आता रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्या दोन होत्या, एक टेबलाच्या अलीकडं, एक पलीकडं. ह्या वेळी कुणी न सांगता मी कपाटाजवळ उभा राहिलो. वहिनींनी पलीकडच्या खुर्चीपुढं पेढा ठेवला. "साहेब, आज झालं," म्हणाल्या. मग अलीकडच्या खुर्चीपुढंही एक ठेवला. चाचांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

आमच्या ओसरीत दादाची लोखंडी खुर्ची आहे. तो गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी पाहुणासुद्धा आपसूक सतरंजीवर बसायचा. त्या दिवशी परत आलो, वहिनींनी पायावर पाणी घेतलं आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. "वहिनी, तिथं..." असं माझ्या तोंडातून निघालंसुद्धा.

हिनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "गप बसा. बसू द्या त्यांना. आता त्यांना इथून ऊठ म्हणणारं कुणी न्हाई."