देवघराखालची बॅटरी

झाशीच्या उन्हाळ्यात घरातला एकच कोपरा गार राहायचा, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी आम्ही देवघराखाली ठेवली होती. तिच्यात पाणी भरायला खंडेराव गेटकडून एक माणूस यायचा. शर्टाला ॲसिडची बारीक भोकं, डावा डोळा कायम मिटलेला. बुचं उघडण्याआधी तो बॅटरीला कान लावून आतले बुडबुडे ऐकायचा.

"आत काय चालतं, भैया?" मी एकदा हिंदीत विचारलं.

"सीसे और तेजाब, यानी एसिड, की लड़ाई, भाभीजी. उसी से बिजली बनती है. चार्ज करो तो सब उलटा चलता है, और पानी में से गैस छूटती है."

तेवढ्यात सासूबाई पेटलेलं निरांजन घेऊन आल्या. त्याने झेप घेऊन ज्योत मुठीत चिरडली.

"देवाचा दिवा विझवतोस?" सासूबाई कडाडल्या.

"माताजी, मेरी आँख ऐसे ही दीये से गई. यही गैस भड़क उठी थी."

रोज दोन्ही वेळा आम्ही तिथेच दिवा लावत होतो.

बॅटरी दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या जिन्याखाली गेली. देवघराखाली आता तांदळाचा डबा असतो. तरी काडी ओढण्याआधी सासूबाई खाली वाकतात आणि डब्याला कान लावतात.