कमळाबाईंची न शिजलेली डाळ

कमळाबाई डोंबिवलीच्या आमच्या चाळीत राहायला आल्या त्रेपन्न साली, आणि सहा महिन्यांत चाळ त्यांची झाली. तोवर ती माझी होती. कुणाकडे बारसं असो की सत्यनारायण, "आमटी मात्र कलावतीबाईंची," हे ठरलेलं. चाळीच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात कुणाचीच तूरडाळ शिजत नसे, माझी तेवढी लोण्यासारखी. हाताला गुण आहे म्हणायचे सगळे. मीही नाही म्हणत नसे.

गुण कसला डोंबलाचा! रुळांपलीकडच्या मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती. पहाटे उठून मी तिथून एक कळशी आणायची, पदराआड झाकून.

कमळाबाईंना स्वयंपाक येत नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांच्या पोळ्यांना कोपरे असायचे. पण दर शनिवारी दुपारी त्यांनी मागच्या अंगणात अंगतपंगत सुरू केली. जिने तिने घरात शिजलं असेल ते आणायचं, वाटून खायचं आणि जेवता जेवता गावात काय काय नाही ते बोलायचं. रस्त्यावर दिवे नाहीत, दवाखान्यात नर्स नाही. शेवटी गाडी पाण्यावर यायची, कारण प्रत्येकीच्या वाटीत डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे. कमळाबाई स्वतःच्याच डाळीला हसायच्या, मग सगळ्याच हसायच्या, आणि हात धुऊन नळासाठी अर्ज लिहायला बसायच्या. बारशांना माझी आमटी लोक नुसती भुरकून जात. मी जळायचे. शनिवारी दार लोटून घरात बसायचे आणि कान अंगणात.

तीन अर्जांनंतर ठाण्याहून पाणीखात्याचे साहेब येणार असं कळलं. कमळाबाई म्हणाल्या, "त्यांना पंगतीलाच बसवू या. आपली डाळ खाल्ली की अर्ज वाचायची गरज नाही."

एवढं मोठं जेवण आणि त्यात माझी आमटी नाही? मला राहवेना. साहेब पाटावर बसले तशी मी पातेलं घेऊन पुढे झाले आणि सगळ्यांच्या आधी वाढलं.

साहेबांनी भुरका मारला. आणखी मागितली. मग म्हणाले, "डाळ तर छान मिळून आलीय. पाण्यात दोष असता तर शिजली असती का? बाकीच्यांनी जरा नीट शिजवावी." आणि काढलेली वही त्यांनी मिटून पिशवीत घातली.

वर्षभराची खटपट माझ्या एका पातेल्यात बुडाली होती. आता कमळाबाई मला फाडून खाणार, असं वाटलं. मनातून मला तेच हवं होतं. एकदा तरी त्यांचा तोल जाऊ दे!

पण त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, कलावतीबाईंच्या हातालाच गुण आहे हो. त्यांच्यावरून आमचं पाणी जोखू नका."

त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या नजरेतच मला दिसलं. दूध आणायला जाताना त्यांनी मला कळशीसकट कितीदा पाहिलं होतं, हे मला पुढे कळलं. नळ हातचा जात होता आणि ही बाई माझी अब्रू झाकत होती. एवढा मोठेपणा तिच्या पदरात मी पडू देणार? छे! निव्वळ द्वेषापोटी मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या हाताला काही गुण नाही. हे पाणी इथलं नव्हेच. मी मैलभर चालून आणते. इतकी वर्षं आणतेय."

शेजारची शकू तोंडाला पदर लावून हसली. साहेबांनी वही पुन्हा काढली.

पुढच्या वर्षी नळ आला. लोक त्याला कमळाबाईंचा नळ म्हणू लागले. चाळीत घरोघर डाळ शिजायला लागली आणि बारशांना माझी आमटी कुणी मागेनासं झालं.

नळ आला त्या दिवशी कमळाबाई वाटीभर आमटी घेऊन माझ्या दारात आल्या. "पहिली तुम्हीच खाऊन सांगा, कलावतीबाई. कशी झालीय?"

डाळ अगदी मऊ होती. चिंच-गूळ जिथल्या तिथे. माझ्यासारखीच, कदाचित कणभर सरसच.

"मीठ कमी पडलंय," मी म्हणाले.

नव्हतं पडलं.