काकुमच्या पुलावरून कोण परतलं

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. तिची खोटी आवृत्ती मात्र मी इतक्यांदा सांगितली आहे की खरी सांगायला तोंड उरलं नाही. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांना ‘पुलाची गोष्ट’ ठाऊक आहे. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या शिकारखात्यात कारकून होते. त्यांनी स्वतः बंदूक कधी उचलली नसावी, पण वाघांच्या गोष्टी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्या सांगायची एक रीत होती. गोष्टीत कुणीतरी घाबरलं पाहिजे, म्हणजे ऐकणारे हसतात. पणजोबांच्या गोष्टीत तो मचाणावर थरथरणारा आचारी असे, वडिलांच्या गोष्टीत एखादा तालुक्याचा वहिवाटदार. सांगणारा स्वतः कधीच घाबरत नसे. मीही त्याच रीतीत वाढलो.

मी निवृत्त झालो तेव्हा आमचा मुलगा घानात होता, टेमा बंदराजवळ एका गुजराती मालकाच्या प्लास्टिकच्या कारखान्यात. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. पहिले काही दिवस परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. शेजारी नडियादचे, सकाळी फाटकातून ‘केम छो काका’, दुकानात भाखरीचं पीठसुद्धा मिळे. मग मुलानं गाडी आणि ड्रायव्हर देऊन आम्हाला किनाऱ्याकडे पाठवलं. त्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच गेलो.

आधी केप कोस्टचा किल्ला पाहिला. बाहेरून पांढराशुभ्र, तोफांची तोंडं समुद्राकडे. खाली तळघरं आहेत. गुलाम म्हणून विकायची माणसं जहाज येईपर्यंत तिथे कोंडून ठेवत. वाटाड्यानं एका तळघरात दिवा मालवला, तसा मी दाराकडे सरकलो. बायको होती तिथेच उभी राहिली. या तळघराच्या वरच गोऱ्यांचं प्रार्थनामंदिर होतं, असं वाटाड्यानं सांगितल्यावर तिनं मला मराठीत विचारलं, “वरची भजनं खाली ऐकू येत असतील का हो?” मी ते इंग्रजीत विचारलं नाही. तिनंच मग हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत विचारलं. वाटाड्या म्हणाला, येत असणार. शेवटी ज्या दरवाज्यातून त्या माणसांना जहाजाकडे नेत, त्यातून आम्ही बाहेर आलो. बाहेर रंगीत होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि कोळी जाळी विणत बसले होते.

दुसऱ्या दिवशी काकुमचं जंगल. तिथे उंच झाडांच्या शेंड्यांजवळून झुलते पूल बांधले आहेत. पायाखाली एक अरुंद फळी, दोन्ही बाजूंना जाळी आणि धरायला दोर. असे सात पूल एकामागून एक. पहिला पूल ओलांडला की एका झाडाभोवती फळ्यांचा ओटा लागतो, आणि ज्याला नको वाटेल त्याला तिथून परत फिरायला वेगळी वाट आहे.

मी पुढे होतो. पुलाच्या मध्यावर फळी हलली आणि मी खाली पाहिलं. खाली जमीन नव्हतीच, नुसती पानं. मी दोर धरून उभा राहिलो, मला पुढे जाता येईना की मागे. मागून बायको हळू आवाजात म्हणाली, “खाली बघू नका. समोरच्या झाडाकडे बघा. आता डावा पाय.” तिनं असं पावलापावलानं मला त्या ओट्यापर्यंत नेलं. तिथे मी म्हणालो, “मी परत जातो.”

“बरं. मी जाऊन येते.”

“एकटी?”

“एवढी माणसं आहेत की!” तिनं ओढणी कमरेला खोचली आणि पुढच्या पुलावर चढली. चालताना ती दोराला नुसती बोटं लावत होती.

मी खाली एका बाकावर बसून राहिलो. ती आली तेव्हा घामानं भिजली होती आणि चेहरा लाल झाला होता. “धनेशाची जोडी गेली डोक्यावरून. पंखांचा आवाज केवढा येतो हो, सुपानं पाखडल्यासारखा!” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या तोंडावर रंग आला वाटतं परत?”

“मुलाला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू?” ती म्हणाली. तिनं तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

मुलाकडे परतल्यावर तो जेवताना म्हणाला, “काय बाबा, केले का सगळे पूल?” मी म्हणालो, “मी केले. तुझ्या आईनं पहिल्यावरच हात टेकले.” हे आधी ठरवलेलं नव्हतं. घरातल्या गोष्टींच्या रीतीनंच ते तोंडातून आलं. ती भात वाढत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाला विचारलं, “आमटी घालू?”

बडोद्याला आल्यावर आमच्या मराठी मंडळात माझं प्रवासवर्णन ठेवलं. परदेशी जाऊन आलेल्यानं बोलायचं आणि पडद्यावर फोटो दाखवायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता. किल्ल्याबद्दल सांगत होतो तोवर सभागृह गंभीर होतं. पुलापाशी आलो आणि बायको ओट्यावर माझा हात धरून कशी रडवेली झाली, ते मी रंगवून सांगितलं. लोक खो खो हसले. मागून एक गृहस्थ ओरडले, “वहिनी, पावागढच्या दोरावरच्या उडनखटोल्यात तरी बसता ना?” दुसऱ्या रांगेत बसलेली ती म्हणाली, “बसते हो, डोळे मिटून!” लोक आणखी हसले.

मांजलपूरला घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, “आज रडलेसुद्धा मी?” मी म्हणालो, “लोकांना मजा आली ना.”

एवढ्यावरच राहिलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी मुलाचा फोन आला. उत्तरेकडे मोले नावाचं अभयारण्य आहे, तिथे बंदूकधारी रक्षकाबरोबर पायी हत्तींच्या जवळ जाता येतं. त्यानं रजा काढली होती. “पण बाबा, आईचं अवघड आहे. पुलावर घाबरली, तर हत्तीसमोर काय होईल? तिला इथे घरी एकटीला ठेवण्यापेक्षा तुम्ही एकटेच या.” फोन मोठ्या आवाजावर होता. ती शेजारी बसून वाल सोलत होती. हत्ती तिचा जीव. सयाजीबागेच्या प्राणिसंग्रहालयात सगळे पिंजरे मागे टाकून ती त्याच्यापाशी जाई.

मी नुसतं म्हणायचं होतं, पूल तिनं केले, मी नाही. मी म्हणालो, “बघतो, विचारून सांगतो.”

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “जाऊन या. मुलानं रजा काढलीय.”

“तू येतेस का? मी सांगतो त्याला.”

“काय सांगता?” तिनं विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी वालाची सालं गोळा करू लागलो. ती वालाचं पातेलं उचलून आत गेली.

मी गेलो. मोलेला टेकडीवरून पाणवठा दिसतो. आम्ही रक्षकाच्या मागोमाग खाली उतरलो, झुडपाआड थांबलो. चार नर पाण्यात उतरले होते. त्यातला एक सोंडेनं अंगावर चिखल उडवत होता, त्याचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. मुलगा कुजबुजला, “बाबा, घाबरला नाहीत ना?” मी मान हलवली. खरोखरच भीती वाटत नव्हती. त्या सबंध वेळात मला हत्तींकडे नीट बघता आलं नाही, एवढंच.

परत आल्यावर तिनं फोटो पाहिले. एक फोटो बराच वेळ हातात धरून तिनं विचारलं, “वास येत होता का?” मला आठवेना.

त्यानंतर मी ठरवलं की चूक चारचौघांत केली, तर माफीही चारचौघांत मागायची. मंडळानं मोलेवर बोलायला बोलावलं तेव्हा तयारीनं गेलो. उभा राहिलो तोच कुणीतरी म्हणालं, “आधी पुलाची गोष्ट होऊ द्या!” आणि मी तीच सांगितली, पहिल्यापेक्षा रंगवून. बायको त्या दिवशी आली नव्हती.

पुढे मुलगा भारतात परतला, त्याचं लग्न झालं आणि मोलेचा विषय संपला. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं. सयाजीगंजातल्या दवाखान्यात मंडळातले एक स्नेही भेटायला आले आणि म्हणाले, “वहिनी तशा भित्र्या, पण आजारपणात मात्र धीराच्या निघाल्या.” मी खाटेच्या पायाशी उभा होतो. ती माझ्याकडे बघत होती. स्नेही गेल्यावर मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, पण तेवढ्यात नर्स आली, मग सून डबा घेऊन आली, आणि तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात हलवलं. तिथून ती परत आली नाही.

खुर्ची जवळ ओढली तेव्हा मला म्हणायचं होतं: पूल तू केलेस, मी परत फिरलो. तुझे हत्ती माझ्यामुळे राहिले. माझं चुकलं.