मोगरा का जांभूळ

रोप घेण्याआधी सुभेदार त्याचं पान चुरगळून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आदी टेहळणी, मंग हल्ला." उंब्रजला हायवेलगत माझी रोपवाटिका आहे. पानं चुरगळणारी गिऱ्हाइकं मला डोळ्यांसमोर नकोत, पण फौजेतून रिटायर झालेल्या माणसाला सांगणार कोण? तासभर टेहळणी करून कढीपत्त्याचं एक रोप न्यायचे.

एकदा वहिनींना घेऊन आले. त्यांच्या घराच्या दारापुढं सगळी फरशी घातलेली, एकाच झाडापुरता खड्डा मोकळा ठेवलेला. वहिनींनी आल्या आल्या मोगऱ्यापुढं बसकण मारली.

"आवं, ह्योच घ्या. यंदाच फुलंल."

"फुलं उन्हाळ्यापुरती. जांभळाची सावली बारा म्हयनं. खुर्च्या टाकून दोघं बसू की."

"तवर मी कुठली ऱ्हातीया?" त्या हसून म्हणाल्या. त्यांचं दुखणं गावाला ठाऊक होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी हातच टेकले होते.

मी मधे पडलो. म्हटलं, जांभूळ खड्ड्यात लावा, मोगरा कुंडीत न्या. सुभेदारांनी माझ्यावर डोळे वटारले. वहिनींना गाडीपाशी सोडून एकटेच परत आले.

"मोगरा न्हेला तर मी मान्य केल्यागत हुतंय, गड्या. जांभळच दे."

मला राग आला. अहो, बाईनं आयुष्यात एक झाड मागितलं, तेही देववत नाही? पण त्या दिवशी त्यांनी एकही पान चुरगळलं नव्हतं. जांभूळ दिलं.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत वहिनी गेल्या. आमच्याकडं आता पुष्कळजण राख नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. भावकी म्हणाली, दारात जांभूळ लावलेलंच आहे, नवं कशाला?

काही दिवसांनी सुभेदार आले आणि बाकावर बसून राहिले.

"मोगरा आणायला मी उठलोच हुतो, गड्या. चारचौघांत तोंडातनं शबुद फुटला न्हाई. तिला नको हुतं, त्याच झाडाच्या बुडात घातली मी तिला."

मी चहा मागवला, तो तसाच निवला.

गेली काही वर्षं ते सांगलीत लेकीकडं असतात. घराला कुलूप आहे. जांभूळ मात्र जोरात आलंय. त्याच्या सावलीला शेजारी मोटारसायकली लावतात.