साडूचं बिनबटणांचं घर

"अहो, पंखा नको म्हणतेय मी, दिवा. दिवा लावा. अहो, आता पडदा कशाला उघडताय?"

वारज्यातल्या त्या फ्लॅटच्या दारात मी चपला काढत होतो आणि आतून माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा आवाज जिन्यानं उतरून हायवेपर्यंत जात होता आणि तिथली वाहतूक थांबवून परत येत होता. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये एवढं शहाणपण मला लग्नानं दिलेलं आहे, म्हणून मी एक चप्पल पुन्हा पायात घातली. मग डोकावून पाहिलं, तर नवरा, म्हणजे माझे साडू, कोपऱ्यात स्टुलावर बसून दोन तारा जोडत होते आणि ताई त्यांच्याकडे पाठ करून छताशी बोलत होत्या. आणखी एका 'अहो'नंतर दिवा लागला. ताईंनी पदरानं कपाळ पुसलं. "या, बसा. घराला सांगत होते," त्या म्हणाल्या. साडूंनी तारांवरची नजर न काढता खुलासा केला, "पहिले बहिरं होतं ना भाऊ. आता ऐकते."

ज्याच्याविषयी जगातल्या एकाही कंपनीला काडीची माहिती नाही असा पृथ्वीतलावर एकच माणूस शिल्लक आहे, तो वारज्यात राहतो आणि तो माझा साडू आहे, असं माझं ठाम मत आहे. हिमालयातल्या गुहांमधले साधूसुद्धा आता रोज सकाळी सगळ्यांना फोनवर सुविचार पाठवतात. पण आमच्या साडूंचा वाढदिवस कधी असतो हे मॉलवाल्यांना माहीत नाही, बँकेला चुकीचा माहीत आहे आणि ताईंना तो दरवर्षी आठवून काढावा लागतो. गंमत अशी की या गृहस्थांनी जन्मभर हिंजवडीत जाऊन केलं काय, तर लोकांची माहिती गोळा करणारी सॉफ्टवेअरं लिहिली. मिसळीच्या हॉटेलातला आचारी घरून डबा आणतो, तसलाच हा प्रकार. अमरावतीकडून पुण्याला आले तेव्हा संगणकाच्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून, देवळात गेल्यासारखं जावं लागत असे. "तेव्हाचा संगणक लय सज्जन होता," ते म्हणत. "त्याला सांगितलेलं त्याच्या पोटात राहे. कोणाले सांगायला बाहेर कोणी नव्हतंच ना." एरवी त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी पुणेरी, पण उत्साह चढला की त्यात वऱ्हाड उतरायचं, आणि उत्साह त्यांना दिवसातून बऱ्याचदा चढायचा.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ते ताईंची टिकली लावत. कधी लाल, कधी मरून, सणावाराला खड्याची. तो लॅपटॉप उघडला की हळदीकुंकवाला आल्यासारखा वाटायचा. फोन ते पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवत, कारण डब्यातून म्हणे लहरी जात नाहीत. लहरी जात होत्या की नाही देव जाणे, पण त्यांचा फोन कानाला लावला की भूक लागायची. इतर लोक 'मला मान्य आहे' या बटणावर डोळे मिटून बोट ठेवतात. साडू चष्मा पुसून, पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन त्या अटी पहिल्या शब्दापासून वाचायला बसत आणि शेवटी मान्य नाही असं ठरवून उठत. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कशालाही मान्यता दिलेली नव्हती. दुकानात गल्ल्यावरच्या मुलीनं "सर, मोबाईल नंबर?" असं विचारलं की हे वस्तू तिथेच ठेवून, तिला नमस्कार करून बाहेर. भाजीला मात्र वारज्याहून थेट मंडईत. "तिथली मावशी मला इतकी वर्षं ओळखते," ते सांगत. "मला वांगी कशी लागतात, माझे दात कधी दुखतात, सगळं तिला माहीत आहे. पण नाव माहीत नाही. विचारलंच नाही तिनं. याला म्हणतात प्रायव्हसी." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत मावशीविषयी जो भक्तिभाव दाटे, तो पाहून ताई वांगी जरा जास्तच जोरात चिरत.

अशा माणसाला घर आपोआप चालवण्याचा नाद लागावा, हा दैवाचा विनोद. लोक त्यासाठी बाजारातून बोलणारा डबा आणतात. साडूंना तो डबा म्हणजे घरात पाहुणा म्हणून आलेला फौजदार वाटे. "बघा हं," ते मला गॅलरीत उभं करून समजावत, "बायको म्हणते पंखा लाव. ते वाक्य निघतं, समुद्र ओलांडतं, तिथे कोणीतरी त्याचा अर्थ लावतं, परत पाठवतं, आणि मग वारज्यात पंखा फिरतो. तोवर माणूस पेपरानं वारा घेऊन मोकळा होते. आणि आमच्या घरात उकडतंय हे त्यांना काहून कळावं?" मग ते समोरच्या टेकडीकडे पाहत राहत. टेकडीवर संध्याकाळ उतरत असायची, खाली गाड्यांचे दिवे एकामागून एक लागत असायचे, आणि साडू अर्धवट स्वतःशीच बोलत: घर असं पाहिजे की त्याला सगळं कळलं पाहिजे आणि त्यानं कुणाला काही सांगता कामा नये. आपण दमून आलो की त्यानं दिवा मंद करावा. आपण रुसलो की पडदा ओढून घ्यावा. आपण गेलो की विसरून जावं. त्या वेळी त्यांचा आवाज इतका हळू होई की मलाही वाटे, या सिमेंटच्या खोक्यालासुद्धा कुठे तरी कान असतील आणि ते आत्ता झोपेत हुंकार देत असेल.

पुढे त्यांनी ते खरंच केलं. न्हाणीघरावरच्या माळ्यावर, जिथे ताईंची पितळेची भांडी होती, तिथे जुन्या संगणकांचे अवयव जोडून घराचं डोकं तयार झालं. भांडी पलंगाखाली गेली. भिंतींतून तारा गेल्या. बाहेरच्या जगाशी त्या डोक्याचा संबंध इतकाच, की त्याला वीज बाहेरून येई. पहिला प्रयोग तुळशीवर झाला. माती सुकली की आपोआप पाणी. आता मातीच्या सुकण्याविषयी साडूंची आणि त्या यंत्राची मतं निराळी होती. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची तुळस आमच्या कुरडयांना आंघोळ घालते. उद्यापासून साबणही पाठवा."

पण खरी कमाल बोलण्याची. घराला माणसाचा आवाज शिकवायचा तर कुणीतरी तीच ती वाक्यं पुनःपुन्हा म्हणून दाखवायला हवीत. ताईंनी "मला उद्योग आहेत" असं सांगून त्याला साफ नकार दिला. साडू हरले नाहीत. त्यांनी गुपचूप एक कान स्वयंपाकघरात बसवला आणि घराला सांगितलं, ऐक आणि शीक. घर ऐकत राहिलं. काही आठवड्यांनी ते शिकूनही निघालं. पण शिकलं काय, तर बोलण्याची सुरुवात 'अहो'नं होते, आवाज चढा असतो आणि काम सांगून झाल्यावर तेच आणखी एकदा सांगावं लागतं. साडूंनी स्वतः प्रेमानं "दिवा लाव बाप्पा" म्हटलं तर घर ढिम्म हलत नसे. ज्यानं त्याला जन्म दिला त्या माणसाला ते ओळखतच नव्हतं. साडूंनी एकदा आवाज बारीक करून "अहो" म्हणून पाहिलं. घर हललं नाही, पण ताई आतून "आले" म्हणाल्या. इकडे ताईंनी नवऱ्याला हाक मारली की आधी पंखा उत्तर द्यायचा. "निदान एक तरी ऐकतंय," त्या म्हणत, आणि नंतर नंतर खरोखरच घराशी गप्पा मारायला लागल्या. एवढं जमल्यावर साडूंनी विजयाच्या धुंदीत घरातली सगळी बटणं उपटली आणि त्या जागा लिंपून वर रंग दिला.

एका गोष्टीत मात्र ते पक्के होते. शिकून झालं की घरानं आवाज पुसून टाकायचा. आवाजाची आकडेमोड राहील, आवाज राहणार नाही. "कोणाचाही आवाज कोणी साठवू नये," ते म्हणत. "बायकोचा तर नवऱ्यानंही नाही. ती त्या वेळी बोलली, त्या वेळेपुरतं ते तिचं."

आणि मग बंगळुरूला असलेल्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं आणि ताई निघाल्या. जाताना दोनच सूचना: दूध उतू घालवू नका, आणि रोज चेहरा दिसेल असा फोन करा. पहिली त्यांनी पाळली. दुसरी अशक्य होती. चेहरा आणि आवाज दोन्ही परक्याच्या यंत्रातून पाठवायचे? ते साधा फोन करत, तोही सीमेपलीकडून माल आणणाऱ्या माणसासारखा. डिंकाच्या लाडवांना "ती वस्तू", लेकीला "पेशंट". "वस्तू पोचली का? पेशंट बरी? ठीक." एवढं बोलून फोन पुन्हा पोळ्यांच्या डब्यात. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला वाटतं मी एखाद्या टोळीत आहे."

बायकोनं भाजी-पोळी देऊन मला वारज्याला पाठवलं तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. साडू हॉलमध्ये बसले होते, मांडीवर विजेरी. ताई गेल्यापासून घरात दिवा लागलेला नव्हता.

"अहो, त्याला तुमचा आवाज शिकवा की," मी म्हटलं. "तुम्हाला काय, एका दुपारचं काम."

"दुपारचंही नाही," ते म्हणाले. "पण त्याचं डोकं लहान आहे भाऊ. माझं शिकलं तर तिचं विसरते. आणि मग परत शिकवायला तिचा आवाज कुठून आणू? मीच पुसला ना रोजचा रोज." थोडा वेळ ते विजेरीचा उजेड छतावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "लेक म्हणते आईला आता इकडे बंगळुरूलाच राहू द्या. तिची नोकरी सुरू होईल, बाळाला कोण बघणार. तिचंही बरोबर आहे." छतावरचा उजेड थांबला. "तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं. "अजून काहीच नाही म्हणालो. फोनवर कसं बोलणार इतकं खासगी?"

त्या अंधारात बसून आम्ही भाजी-पोळी खाल्ली. घर गप्प होतं, पण साधं गप्प नव्हे. कुणाची तरी वाट पाहणारं घर जसं गप्प असतं तसं. मध्येच माळ्यावरून बारीक गुणगुण यायची. ते ऐकतंय, साडू म्हणाले. रोज दिवसभर ऐकते. त्याला वाटते बाई आत्ता बोलेल, मग बोलेल.

बाळ झालं. मुलगी. साडूंनी साध्या फोनवर विचारलं, "दिसते कशी?" ताईंनी उत्तर दिलं, "जगातली माणसं बघतात तसं बघा, म्हणजे कळेल," आणि फोन ठेवला. त्यानंतर मंडईतसुद्धा त्यांचं लक्ष लागेना. मावशीनं न मागता काटेरी वांगी घातली आणि यांनी ती एकदाही निरखून न बघता तशीच घरी आणली. शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं, आणि तुमचा फोन चार्ज करून आणा असं बजावलं.

मी गेलो तेव्हा पुन्हा तीच दिवेलागणीनंतरची वेळ होती. मी फोन काढला तसा त्यांनी विचारलं, "यातून काय काय जाते?"

"सगळं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

ते उठून आत गेले. मला वाटलं, बेत फिसकटला. तर इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बाहेर आले. "कंपनीला दिसणार, तर जरा बरं दिसावं," असं म्हणून ते टेबलापाशी ताठ बसले, पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि नंबर लावला. पलीकडून आधी एक कान दिसला, मग छत, मग ताई, आणि त्यांच्या हातात दुपट्याची एक गुंडाळी. ताईंनी डोळे बारीक केले.

"अहो, काही दिसत नाहीये. अंधारात काय बसलाय? दिवा लावा. अहो, दिवा लावा म्हणतेय मी."

आणि वारज्यातलं ते घर दचकून जागं झालं. हॉलमधला दिवा लागला, त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरातला, मग देवापुढचा. पंखे फिरायला लागले. पडदे बाजूला झाले आणि हायवेचे सगळे दिवे एकदम घरात आले. न्हाणीघरात गीझर लागला. गॅलरीत तुळशीला पाणी सुटलं आणि खालून काकूंचा आवाज आला, पण काय म्हणाल्या ते त्या गडबडीत ऐकू आलं नाही. मी आजवर पुष्कळ रोषणाया पाहिल्या आहेत. पण नऊशे किलोमीटरवरच्या एका रागावलेल्या बाईनं एखादं घर असं उजळवलेलं पाहिलं नव्हतं. साडू फोनकडे बघतच नव्हते. मान वर करून ते दिव्याकडे बघत होते.

"इकडे बघा," ताई म्हणाल्या. दुपटं बाजूला झालं. एक मूठभर, लालबुंद, जगावर नाराज असलेला चेहरा दिसला. साडू पुढे वाकले, इतके की पलीकडे फक्त त्यांचं नाक दिसत असणार. मग आमच्या या साडूंनी, ज्यांनी डिंकाच्या लाडवाचंही नाव कधी फोनवर घेतलं नव्हतं, स्वच्छ आवाजात, सगळ्या कंपन्यांच्या साक्षीनं म्हटलं, "तू ये लवकर. करमत नाही."

पलीकडे ताई दुपटं नीट करण्यात गुंतल्या. "बघू," त्या म्हणाल्या. "लेकीचं काय ते ठरलं की. तोवर जेवत जा वेळेवर."

फोन बंद झाला. घर तसंच लखलखत राहिलं, पंखे आपले फिरत होते. मी निघायला उठलो. साडूंना चिडवल्याशिवाय पाय निघेना, म्हणून म्हटलं, "काय हो, नात दिसली ना कंपनीला?"

"दिसू दे," ते म्हणाले. "चांगली आहे दिसायला."

चप्पल घालता घालता माझ्या लक्षात आलं, बटण तर एकही नाही. मी विचारलं, "आणि हे सगळं आता बंद कोण करणार?"

"राहू द्या चालू," ते म्हणाले. "उद्या करीन तिला फोन."